उंबरठ्यावरची परिचारिका

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीनें बारावी झाल्यावर साहाय्यकारी परिचारिकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेण्याचें जाहीर केलें, त्या रात्रीं त्या चौदा माणसांच्या घरांत कोणाचेंच जेवणाकडे लक्ष नव्हतें. मुलगी डॉक्टर होणार असती तर त्याच पंक्तींत पेढे वाटले गेले असते. रोगी तेच, रुग्णालय तेंच, रक्त आणि मलमूत्रही तेंच. परंतु एकीच्या गळ्यांत नळी असते व दुसरीच्या हातांत भांडें असतें, एवढ्या फरकावर घराण्याची अब्रू वर किंवा खालीं जाते, असें आपण धरून चाललों आहों. "लोकांची घाण काढायला का हिला एवढें शिकविलें?" असें तिच्या आजींनीं विचारलें. थोरल्या चुलत्यांनीं लग्नाचा विषय काढला. मोठी मावशी या नात्यानें माझेंही मत विचारण्यांत आलें, तेव्हां "थोडें थांबून विचार करावा" असें कांहींसें बोलून मीं स्वतःची सुटका करून घेतली. त्या उत्तराची लाज आजही मनांतून गेलेली नाहीं.

त्याच आजी पांच वर्षांपूर्वीं न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या होत्या व सात महिने अंथरुणास खिळल्या होत्या. घरांत सुना होत्या, लेकी येऊन-जाऊन होत्या. परंतु रात्रीं दोन-दोन तासांनीं कूस बदलावयाची, पाठीला फोड येऊं नयेत म्हणून अंग पुसून कोरडें करावयाचें, भांडें द्यावयाचें, हें सारें एका पगारी बाईनें केलें. तिला सर्वजण 'मावशी' म्हणत. तिचा चहाचा पेला निराळा असे व तो खिडकींत पालथा घातलेला असे. आजी हिंडूं-फिरूं लागल्या आणि ती निघून गेली. त्या रात्रींच्या बैठकींत माझ्या भाचीनें आवाज न चढवितां एवढेंच विचारलें, "त्या मावशींचें आडनांव कोणाला ठाऊक आहे का?" कोणालाच ठाऊक नव्हतें. सात महिन्यांत तें कोणीं विचारलेंच नव्हतें. मुलीला परवानगी मिळाली ती या प्रश्नानंतर. तीही कोणीं मनापासून दिली असें नव्हे.

आपल्या समाजांत हा वाद जुना आहे. १८९१ सालीं मुंबईंत परिचारिकेचें शिक्षण घेण्यास गेलेल्या बाई काशीबाई गणपत या त्या मार्गावरील पहिल्या हिंदी स्त्री मानल्या जातात. पुण्यास १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्यानें सेवासदन सुरू केलें. शिवण आणि वाचन-लेखन यांस घराघरांतून फारसा विरोध झाला नाहीं. पण ससून रुग्णालयांत परिचारिकेचें आणि सुईणीचें काम शिकण्यास मुली पाठवावयाच्या म्हटल्याबरोबर लोकांचीं तोंडें फिरलीं. परजातीच्या रोग्याचा स्पर्श, सुवेराचा विटाळ, परक्या पुरुषांच्या खाटांमधून वावरणें, एक का दोन अडचणी! ज्या पुढें आल्या त्यांत विधवा बऱ्याच होत्या. त्यांच्या धैर्याविषयीं आपण आदरानें बोलतों, तें योग्यच आहे. परंतु ज्यांना घरानें आधींच हिशेबांतून वजा केलें होतें त्यांनाच या कामासाठीं मोकळीक मिळावी, यांत त्या घरांचा मोठेपणा कोणता, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं.

ज्या पदासाठीं माझी भाची शिकली तें मात्र स्वातंत्र्यानंतरचें. १९४६ सालीं भोर समितीनें खेडोपाडीं प्राथमिक आरोग्य केंद्रें असावींत असें सुचविलें, १९५२ पासून तीं उघडूं लागलीं, आणि पूर्ण शिकलेल्या परिचारिका पुरेशा मिळेनात म्हणून त्याच सुमारास साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका हा लहान अभ्यासक्रम निघाला. प्रथम हिचें मुख्य काम बाळंतपणाचें होतें. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तिच्या डोक्यावर लसी, कुटुंबनियोजन, हिवताप, इतर सांथी आणि त्या सगळ्यांच्या नोंदवह्या असा बोजा चढत गेला. महाराष्ट्रांत तिला आरोग्यसेविका म्हणतात. सपाटीच्या मुलखांत पांच हजार वस्तीमागें एक उपकेंद्र असावें व आदिवासी आणि डोंगराळ मुलखांत तीन हजारांमागें एक, असा सरकारी दंडक आहे. कागदावर तीन हजार हा आंकडा लहान दिसतो. हीं तीन हजार माणसें अकरा पाड्यांवर विखुरलेलीं असतात व दोन पाड्यांमध्यें ओढा असतो, हें कागदावर दिसत नाहीं.

भाचीची नेमणूक झाली ती पालघर जिल्ह्यांत, डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या शिवेवरील एका उपकेंद्रांत. (गांवाचें नांव मुद्दाम देत नाहीं. तेथील बायकांनीं मला आपल्या घरांत बसूं दिलें, तें नांव छापून यावें म्हणून नव्हे.) २०१४ सालीं ठाणें जिल्ह्यांतून निराळा झालेला हा जिल्हा आपल्याला ठाऊक असतो तो डहाणूच्या चिकूंमुळें, बोर्डीच्या सुरूच्या बनांमुळें, फार तर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या चैत्रांतील जत्रेमुळें. रेल्वेचा रूळ ओलांडून पूर्वेस निघालें कीं वाड्या संपतात आणि साग, मोह, ताड आणि कुडाच्या भिंतींचीं वारल्यांचीं घरें यांचा मुलूख सुरू होतो. याच तालुक्यांतील बोर्डीस १९४५ सालीं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं आदिवासी मुलांसाठीं बालवाडी उघडली व पुढें कोसबाडच्या टेकडीवर तिचा विस्तार केला. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळेनेंच त्यांच्या अंगणांत जावें, या त्यांच्या विचारांतून 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. आज तो देशभर चालतो. माझी भाची महिन्यांतून ठराविक दिवशीं अशाच एका अंगणवाडींत लसींची पेटी घेऊन बसते.

भाद्रपदांत मी तिच्याकडे आठ दिवस राहिलें. सकाळीं प्राथमिक आरोग्य केंद्रांतून बर्फाच्या वड्या घातलेली लसींची पेटी यावयाची. तींतली उष्णता दोन अंशांच्या खालीं आणि आठ अंशांच्या वर जातां कामा नये. ती पेटी खांद्याला, दुसऱ्या खांद्याला नोंदवह्यांची पिशवी, एका हातांत छत्री व दुसऱ्या हातांत चपला अशी ती भाताच्या बांधावरून पुढें चाले, आणि मी मागून घसरत येत असें. गरोदर बाईचें वजन, रक्तदाब, रक्तांतील लोहाची तपासणी. लहान मुलाच्या दंडाला फीत लावून घेर पाहणें. साडेअकरा सेंटिमीटरांच्या खालीं फीत गेली कीं लाल रंग दिसतो, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. पहिल्या दिवशीं दोन वेळां लाल रंग दिसला. भाचीचा हात थांबला नाहीं. मी मात्र पुढचें कांहीं पाहूं शकलें नाहीं.

तिला स्वतःला सर्वांत कठीण कोणती गोष्ट वाटली असें मीं विचारलें. मला वाटलें, चिखल म्हणेल, साप म्हणेल, एकटेपणा म्हणेल. ती म्हणाली, "मावशी, पहिले तीन महिने मला कुणीं घरांत बोलावलें नाहीं." तिची पुस्तकी मराठी तेथें अर्धीच उपयोगी पडे. तिची पिशवी दिसली कीं मुलें शेतांत पळत; बायका "माणूस घरीं नाहीं" असें सांगून आंत वळत. तेव्हां ती औषधाचें नांवही न काढतां अंगणांत बसूं लागली. कुणाच्या वालाच्या शेंगा सोल, कुणाचें पोर मांडीवर घे, असें करतां करतां बोली कानीं पडली, नातीं कळलीं, कोणत्या घरांत सासूचें चालतें व कोणत्या घरांत दिराचें, हें कळलें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं आपल्या उतारवयांत, १८९२ सालीं, इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यांत खेड्यांतील घरोघर जाऊन आरोग्य शिकविणाऱ्या बायकांची योजना सुरू करविली, तेव्हां त्यांचाही कटाक्ष यावरच होता कीं या बाईनें तपासनीस म्हणून घरांत शिरूं नये. डहाणूच्या जंगलपट्टींत माझ्या भाचीला हें कोणत्याही पुस्तकानें शिकविलें नव्हतें; बंद दारांनीं शिकविलें.

त्या आठवड्यांत एक मुलगी तिच्या वहींत नव्यानें आली. वय एकोणीस, पहिलटकरीण, पांचवा महिना. रक्तांतील लोहाचें प्रमाण अकरापर्यंत असावें तें पावणेसातांच्या आंत. सातांच्या खालीं गेलेल्या बाईला बाळंतपणांतील थोडाही रक्तस्राव सोसत नाहीं. तिला गोळ्यांवर न ठेवतां रुग्णालयांत न्यावें लागतें. तिच्या सासूनें गोळ्यांची पुडी परत आणून ठेवली. गोळ्यांनीं मूल पोटांत मोठें होतें आणि बाई अडते, असें तिचें म्हणणें. मला प्रथम हंसूं आलें. भाचीला आलें नाहीं. रात्रीं ती मला म्हणाली, "शस्त्रक्रिया दहा कोसांवर, वाटेंत ओढा, गाडीचा भरंवसा नाहीं. अशा ठिकाणीं मूल लहान असलेलें बरें, असें बाईला वाटलें तर त्यांत वेडेपणा काय आहे? तिनें दोन बायका अडून मेलेल्या पाहिल्या आहेत." अज्ञान म्हणून आपण जें झटकून टाकतों तें पुष्कळ वेळां कोणाच्या तरी मरणाचा अनुभव असतो, हें मला साठाव्या वर्षीं एका चोवीस वर्षांच्या मुलीकडून शिकावें लागलें.

दुसऱ्या दिवशीं ती सासूकडे गेली नाहीं. पाड्यावरील भगताकडे गेली. त्याच्यासमोर बसून तिनें त्याचा गंडा-दोरा नाकारला नाहीं, आपली गोळी पुढें रेटली नाहीं. तुम्ही दोरा बांधा, आणि बांधतांना डहाणूला जाऊन ये असें तेवढें सांगा, एवढेंच मागणें. म्हाताऱ्यानें बराच वेळ विडी ओढली. त्यानें काय विचार केला कोण जाणे. पण चौथ्या दिवशीं सासू, सून, आशा कार्यकर्ती आणि भाची अशा चौघी डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघाल्या. सुनेच्या मनगटावर काळा दोरा होता आणि सासूच्या कमरेच्या गांठींत आरोग्याचें कार्ड.

येथें गोष्ट संपली असती तर लिहावयास सोपें होतें. परंतु या भागांतील माणूस वर्षभर आपल्या घरीं राहत नाहीं. भात कापून झालें, दिवाळी सरली, कीं कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी-वसईच्या बाजूस वीटभट्ट्यांवर जातात. पुष्कळ पुरुष गुजरातच्या बंदरांत मासेमारीच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पावसाळ्यांत घेतलेली उचल फेडावयाची असते, आणि गरोदर बाईच्या पोटांतील महिने ती उचल थांबवीत नाहींत. त्या मुलीला शिरेंतून लोहाचीं इंजेक्शनें सुरू झालीं होतीं. तीं पुरीं होण्यापूर्वींच मुकादमाची गाडी आली. भाचीनें त्यांना थांबविण्याचा प्रयत्न केला नाहीं. थांबा म्हणणें सोपें. थांबल्यावर खावयाचें काय, हें सांगणें तिच्या हातीं नव्हतें. तिनें मुकादमाचा दूरध्वनी क्रमांक वहींत लिहून घेतला, भट्टी कोणत्या गांवच्या शिवारांत आहे तें विचारलें, आणि तेथील आरोग्यसेविकेचा शोध सुरू केला. अनोळखी दोन परिचारिका महिनाभर फोनवर एका तिसऱ्या बाईच्या रक्ताचे आंकडे एकमेकींना सांगत होत्या. पौषांत मला तिचा निरोप आला, "साडेआठ झालें."

दुसरी गोष्ट तिनें मला उशिरा सांगितली, आणि सांगतांना ती भांडीं घासत होती, म्हणजे माझ्याकडे पाहावें लागूं नये. मी जाण्यापूर्वीं आषाढांत एका पाड्यावर रात्रीं बाई अडली. ओढ्याला पूर होता. रुग्णवाहिका मोठ्या रस्त्यापर्यंत आली, पण तेथवर बाईला झोळींत घालून आणावयास ओढा उतरेपर्यंत वाट पाहावी लागली. बाई वांचली. मूल रस्त्यावरच गेलें. भाची पहाटे पोंचली तेव्हां कोणीं तिला बोल लावला नाहीं. घरच्या म्हातारीनें तिला बसावयास गोणपाट दिलें. तिला तें अधिक लागलें. नंतर उपकेंद्रांत येऊन तिनें रकाना भरला: जन्म, लिंग, वजन घेतलें नाहीं, मृत्यु. वहींतील त्या पानाचा कोपरा तिनें दुमडून ठेवला आहे. कां, तें मीं विचारलें नाहीं.

या कामांतील बाकीचे त्रास त्या मानानें किरकोळ म्हणावयाचे, पण रोज भोगणाऱ्याला ते किरकोळ नसतात. तीच माहिती तीन वह्यांत व पुन्हां भ्रमणध्वनीवर भरावयाची. नेमणूक कराराची, पुढील वर्षीं करार वाढेल कीं नाहीं याची टांगती तलवार. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे लहान लहान धक्के बसूं लागले, तेव्हां लोक महिनोन्महिने थंडींत तंबूंत झोंपले. भाची त्या वेळीं तेथें नव्हती. पण तिच्या आधीं तेथें असलेल्या बाई बाळंतिणींना तपासावयास तंबूंतून वांकून शिरत, असें गांवकरी अजून सांगतात. आपल्या आरोग्यसेविकांच्या कामाचा इतिहास कोणीं लिहिलेला नाहीं. तो असा इतरांच्या आठवणींत पडून आहे. अभय आणि राणी बंग यांनीं गडचिरोलींत गांवच्याच बायकांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यु घरच्या घरीं कितपत टाळतां येतात हें दाखविलें, व तो प्रयोग १९९९ सालीं इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आल्यावर जगानें त्याची दखल घेतली. आज आशा कार्यकर्ती बाळ जन्मल्यापासून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरलेल्या दिवशीं घरीं जाते, ती त्याच कामाची परंपरा. पण ज्या बाईच्या हातांनीं बाळ गुंडाळलें जातें तिचें नांव 'लॅन्सेट'मध्यें येत नाहीं, आणि आमच्या भाचीला त्याचें सोयरसुतकही नाहीं.

मग तिला मिळतें तें काय? पगाराविषयीं न बोललेलें बरें. शिमग्याच्या सुमारास मी पुन्हां गेलें. भट्टीवरून माणसें सणापुरतीं परतलीं होतीं. आम्ही त्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या घरीं गेलों. कुडाच्या भिंतीवर कोण्या लग्नांतला तांदळाच्या पिठाचा चौक अर्धवट पुसलेला होता. भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यांत मुलगा झाला होता, जन्मतः वजन दोन किलो तीनशें ग्राम. "अडीच हवें होतें," भाची म्हणाली, आणि झोळीच्या कांट्याला बाळ अडकवून आंकडा नीट दिसावा म्हणून गुडघ्यांवर बसली. सासूनें आम्हांस बाहेर बसूं दिलें नाहीं. आंत, चुलीच्या बाजूस, जेथें घरचींच माणसें बसतात तेथें, तिनें भाचीसाठीं जागा केली व सुनेच्या आधीं तिच्या हातांत काळ्या चहाचा पेला दिला. तसाच पेला मला. घरांत पेले तीनच होते, म्हणून सासू आमचे पेले रिकामे होईपर्यंत थांबली आणि मग न विसळतां त्यांतलाच एक उचलून स्वतःचा चहा ओतून घेऊन प्याली. मला आमच्या खिडकींतला पालथा पेला आठवला. मीं तो विषय भाचीपाशीं काढला नाहीं. तिला तो आठवला असेलच.

परततांना एका घरांतून हाक आली, दुसऱ्या घरांतून आली. मुलें पळालीं नाहींत. एका म्हाताऱ्या बाईनें पदराखालून आपला पाय पुढें केला. जखम जुनी होती, दोन वर्षांची, आणि तोंवर तिनें ती कोणालाही दाखविली नव्हती. भाचीनें तेथेंच बसून पाणी मागितलें, जखम धुतली, पू पुसला. घाण म्हणतात ती हीच. बांधलेल्या पट्टीवरून हात फिरवीत म्हातारीनें विचारलें, "तूं कुणाची?" भाचीनें वडिलांचें नांव सांगितलें, आडनांव सांगितलें, गांव सांगितला; आणि मग म्हातारीला तिचें नांव, तिचें कूळ, तिचें माहेर विचारून घेतलें, व तें सगळें वहींत लिहिलें.

आमच्या घरीं आतां आजी भाचीचा विषय निघाला कीं गप्प राहतात. पण गुडघा दुखला कीं "तिला फोन लावा" असें म्हणतात. बहिणीनें ठाण्याच्या जवळ एक जागा रिकामी होणार असल्याचें ऐकलें आहे. बदलीचा अर्ज तिनें स्वतः आणून, पेन्सिलीनें खुणा करून, मुलीकडे पाठविला. पावसाळ्यापूर्वीं तो द्यावयाचा आहे. मागच्या आठवड्यांत मीं फोनवर विचारलें, अर्जाचें काय केलेंस. ती म्हणाली, "लसींच्या पेटीखालीं ठेवला आहे, मावशी. आज नऊ मुलांना लस द्यायची आहे, उद्यां बघतें."